चौकट, स्कॅनर आणि हात: विमानतळावर कोण काय शोधतं?

मुंबई, पुणे, नागपूर, मोपा... विमानतळ कुठलाही असो, सुरक्षा तपासणीच्या रांगेत एक प्रश्न बहुतेकांच्या मनात येऊन जातो. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून आपण गेलो, ती वाजली नाही, तरी पलीकडचा सीआयएसएफचा जवान आपल्याला छोट्याशा उंचवट्यावर उभं करतो, हात पसरायला लावतो, हातातला डिटेक्टर अंगावरून फिरवतो आणि वर पाठ, कंबर, पाय हाताने चाचपतो. चौकट वाजली असती तरी त्याने हेच केलं असतं. मग ती तिथे ठेवलीच कशाला?

परदेशात अनुभव उलटा. फ्रँकफर्ट किंवा न्यूयॉर्कला काचेच्या कक्षात शिरायचं, जमिनीवर काढलेल्या पावलांवर पाय ठेवायचे, दोन्ही हात डोक्यावर धरून क्षणभर स्तब्ध राहायचं. पडद्यावर हिरवं आलं की चालू लागायचं. अंगाला कोणी हातही लावत नाही. त्यावरून 'त्यांच्याकडे आधुनिक यंत्र, आपल्याकडे जुनाट झडती' असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. तो अर्धाच खरा आहे.

या तीन पद्धती एकच काम कमी-जास्त चांगलं करतात असं नाही. त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. चौकट विचारते, या माणसाजवळ धातू आहे का? स्कॅनर विचारतो, कपड्यांच्या आत शरीराखेरीज आणखी काही आहे का? आणि 'आहे, पण ते काय आहे?' या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही यंत्रांकडे नाही. तिथे माणसाचा हातच लागतो. भारतात हा हात सगळ्यांसाठी आणि आधीच येतो, स्कॅनर असलेल्या देशांत तो काही जणांसाठी आणि शेवटी येतो. माझ्या मते खरा वाद एवढ्याचाच आहे: हात लावायचा की नाही हा नव्हे, तर कोणाला, कधी आणि किती.

चौकट कशी वाजते

चौकटीच्या दोन्ही खांबांत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून सेकंदाला अनेक वेळा विजेचा छोटा झटका सोडला जातो. प्रत्येक झटक्यासरशी चौकटीत चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि लगेच मावळतं. असं क्षेत्र बदललं की जवळच्या धातूत वीज खेळू लागते, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं होतं. घरातली इंडक्शन शेगडी याच तत्त्वावर चालते: शेगडीतल्या वेटोळ्यामुळे पातेल्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि बूड तापतं. चौकटीत हे प्रवाह फार क्षीण असतात, त्यामुळे हातातलं कडं काही तापत नाही. पण त्या क्षीण प्रवाहांचंही स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र असतं. ते वेटोळ्यांना जाणवलं की दिवा लागतो आणि आवाज होतो. नव्या चौकटींत वेटोळ्यांचे वरपासून खालपर्यंत अनेक भाग केलेले असतात, त्यामुळे धातू खांद्याजवळ आहे की घोट्याजवळ, हेही खांबावरच्या दिव्यांवरून कळतं.

सोनं चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे ते डिटेक्टरला सापडत नसेल, असं काहींना वाटतं. पण चुंबकाला चिकटणं ही इथे अटच नाही. धातूतून वीज किती सहज वाहते हे महत्त्वाचं, आणि त्यात सोन्याचा क्रमांक बराच वरचा आहे. आकाराचाही मोठा भाग असतो. पाटली किंवा कडं म्हणजे बंद वर्तुळ. प्रवाहाला फिरायला पूर्ण वाट मिळते, म्हणून ते पटकन सापडतं. तेवढ्याच वजनाची नाजूक साखळी पुष्कळदा निसटते, कारण तिच्यात कडीला कडी जेमतेम टेकलेली असते आणि प्रवाह एकेका कडीतच घुटमळतो. शस्त्रक्रियेत बसवलेल्या गुडघ्याचंही तसंच. कोबाल्ट-क्रोमचा मोठा सांधा बहुधा वाजतो; टायटॅनियमचा छोटा स्क्रू वाजेलच असं नाही, कारण टायटॅनियममधून वीज त्या मानाने कमी वाहते.

या तंत्राची पहिली गाजलेली परीक्षा विमानतळावर नव्हे, एका आजाऱ्याच्या पलंगाशी झाली. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातली एक शरीरात अडकली. ती कुठे आहे हे कळावं म्हणून टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं विजेचं उपकरण घेऊन आले. उपकरण चालत होतं, पण गोळी सापडली नाही. डॉक्टरांना गोळी उजव्या बाजूला असल्याची खात्री होती, म्हणून शोध तिथेच झाला. ती होती दुसरीकडे. शिवाय पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्या उपकरणाला गोंधळात पाडत होत्या. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये गेले. यंत्र बरोबर आणि शोध चुकीच्या जागी, ही अडचण आजही तपासणी करणाऱ्यांना नवी नाही.

विमानतळावर चौकट आली ती अपहरणांमुळे. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत शंभराहून अधिक विमानांच्या अपहरणाच्या घटना घडल्या. तोवर प्रवासी बस पकडावी तसे थेट विमानात चढत. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली आणि अपहरणांचं प्रमाण एकदम घसरलं. बंदूक आणि सुरा शोधायला चौकट उत्तमच होती. आजही आहे.

जाता जाता एक. काही चौकटींत अधूनमधून मुद्दाम वाजण्याची सोय असते, म्हणजे ठरावीक टक्के प्रवासी यदृच्छेने निवडले जातात. खिसे पूर्ण रिकामे असूनही चौकट वाजली तर लगेच तिच्यावर चिडू नका. आणि मुंबईत सीएसएमटीसारख्या स्थानकांवर, मॉलच्या दारात, देवळांच्या रांगेत ज्या चौकटी दिवसभर वाजत असतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं! वाजल्यावर वळून पाहणारा माणूसच जागेवर नसेल, तर ती दाराची शोभा.

जे वाजतच नाही

चौकटीची मर्यादा तिच्या कामातच दडलेली आहे. धातू नसेल तर तिच्या दृष्टीने काहीच नाही. २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाच्या माणसाने बुटात दडवलेलं स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. आठ वर्षांनी, २५ डिसेंबर २००९ रोजी, ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब या तरुणाने तेच अंतर्वस्त्रात शिवून आणलं होतं. दोन्ही वेळा मुख्य पदार्थ पीईटीएन नावाची पांढरी भुकटी होती. धातूचा कणही नाही. दोन्ही वेळा स्फोट पुरता झाला नाही आणि सहप्रवाशांनी माणसाला धरलं. पण चौकटीने आपलं काम चोख केलं असतं, तरी तिला यातलं काही कळलं नसतं, हे जगाला कळून चुकलं.

यानंतर स्कॅनरची लाट आली. खरं तर ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर स्कॅनर तेव्हाही होते. ते सगळ्यांना सक्तीचे नव्हते, एवढंच. पुढचा तपशील फारसा सांगितला जात नाही: २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी संस्थेने स्पष्ट म्हटलं की, डिसेंबर २००९ मध्ये वापरलेलं स्फोटक या स्कॅनरना सापडलं असतं की नाही, हे अनिश्चितच आहे. तरीही शेकडो यंत्रांची खरेदी झाली. घाबरलेलं सरकार सर्वांत आधी काहीतरी विकत घेतं, हे आपल्यालाही अपरिचित नाही.

दोन स्कॅनर, एक बदनाम

'बॉडी स्कॅनर' या एका नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं येतात आणि आरोग्याबद्दलच्या बहुतेक अफवा या गोंधळातून जन्मतात.

पहिलं एक्स-रेचं. दवाखान्यातला एक्स-रे शरीरातून आरपार जातो. यातले किरण कमी शक्तीचे असत, ते त्वचेपाशी आदळून मागे परतत आणि परतलेल्या किरणांवरून चित्र बनत असे. एका तपासणीतली मात्रा साधारण ०.१ मायक्रोसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी. हा आकडा किती मोठा? विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडत असताना अंतराळातून येणाऱ्या किरणांचे दर तासाला काही मायक्रोसीव्हर्ट आपल्याला तसेही मिळतात. म्हणजे स्कॅनरमधून मिळालेली मात्रा विमानात दोन-चार मिनिटं बसल्याएवढी. एका माणसाच्या दृष्टीने ती नगण्यच. पण कोट्यवधी निरोगी माणसांवर, लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांसकट, अशी किरणं टाकायची कशाला, जर किरणांविना काम होत असेल तर? हा मुद्दा रास्त होता. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०११ मध्ये विमानतळांवर एक्स-रे स्कॅनरना मनाई केली.

अमेरिकेत मात्र ही यंत्रं गेली ती वेगळ्या कारणाने. त्यांतून दिसणारं चित्र जवळजवळ विवस्त्र शरीराचं असे. दूरच्या खोलीत बसलेला अधिकारी ते पाहत असे. २०१० च्या अखेरीस यावरून अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. फ्लोरिडातल्या एका न्यायालयाच्या दारातल्या स्कॅनरने हजारो चित्रं साठवून ठेवल्याचं बाहेर आलं, तेव्हा 'चित्र लगेच पुसलं जातं' या आश्वासनावरचा विश्वासही उडाला. तिथल्या संसदेने दंडक घातला की प्रत्येक यंत्राने खऱ्या शरीराऐवजी सर्वांसाठी एकच ठोकळेबाज आकृती दाखवली पाहिजे. एक्स-रेच्या यंत्रांना ते वेळेत जमलं नाही, आणि २०१३ च्या मध्यापर्यंत ती विमानतळांवरून हटली.

त्यानंतरची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांच्या संशोधकांनी असं एक जुनं यंत्र इंटरनेटवर चक्क सेकंडहँड विकत घेतलं, तपासलं आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. या यंत्राच्या चित्रात त्वचा उजळ दिसते, धातू काळा दिसतो, आणि माणसामागची रिकामी जागाही काळीच. मग पिस्तूल पोटासमोर न ठेवता शरीराच्या कडेला लटकवलं तर? काळ्यावर काळं. दिसलंच नाही. साधी चौकट हेच पिस्तूल क्षणात पकडते. महागड्या यंत्राने जुन्या यंत्राला हटवलं, तर कधीकधी जुनं पकडायचं ते नवं सोडून देतं, हे यातून लख्ख दिसलं.

मिलिमीटर लहरींची नजर

आज जगभर दिसणारा स्कॅनर दुसऱ्या जातीचा. त्यात एक्स-रे नाही. तो रेडिओ लहरी वापरतो, फक्त त्यांची लांबी काही मिलिमीटर असते. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीत विकसित झालेलं आणि पुढे सर्वत्र पसरलेलं यंत्र साधारण २४ ते ३० गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लहर सेंटिमीटरभराची. जर्मन बनावटीची काही नवी यंत्रं ७० ते ८० गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे लहर चार मिलिमीटरची. लहर जितकी आखूड, तितका बारीक तपशील दिसतो.

या लहरींचा गुण असा की कोरडं पातळ कापड त्यांना जवळजवळ पारदर्शक असतं. सुती सदरा, टेरिकॉट, रेशीम, सगळ्यांतून त्या जातात. त्वचेत पाणी भरपूर. तिथे मात्र त्या अडतात आणि मोठ्या प्रमाणात परत फिरतात. मिलिमीटरभरही आत शिरत नाहीत. यंत्र शरीराभोवतीच्या असंख्य बिंदूंवरून लहरी सोडतं, परतलेल्या लहरींची तीव्रता आणि त्यांना लागलेला वेळ यांचा हिशेब करतं आणि शरीराचा त्रिमितीय पृष्ठभाग उभा करतं. त्या पृष्ठभागावर कुठे सपाट चौकोन उठून दिसला, कुठे त्वचेसारखं न वागणारं काही असलं, की संगणक तिथे खूण करतो. अधिकाऱ्याला दिसते ती फक्त एक साचेबद्ध आकृती, आणि तिच्या दंडावर किंवा कमरेवर पिवळा चौकोन. तुमचं शरीर त्याला दिसत नाही.

धोक्याबद्दल बोलायचं तर, या लहरींमध्ये रेणू तोडण्याची ताकद नसते आणि यंत्राची शक्ती आपल्या खिशातल्या मोबाइलच्या मानाने फारच कमी असते. भारतात २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात विकलेल्या पट्ट्यांपैकी २६ गिगाहर्ट्झचा पट्टा याच टापूतला आहे. गरोदर स्त्रीने किंवा लहान मुलाने यातून जायला हरकत नाही.

आता मर्यादा. त्वचेवर लहरी अडतात, म्हणून शरीराच्या आत काय आहे हे या यंत्राला कळत नाही. मुंबई विमानतळावर कस्टम्सचे लोक शरीरात दडवलेलं सोनं पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. सोन्याची भुकटी मेणात मळून केलेल्या गोळ्या गुदद्वारात दडवलेल्या असतात. असं सोनं मिलिमीटर स्कॅनरला दिसणार नाही. त्यासाठी आरपार जाणारा खरा एक्स-रे लागतो, आणि तो कोणी उठून काढू शकत नाही: १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १०३ नुसार, संशयिताची स्वतःची तयारी नसेल तर त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून आदेश घ्यावा लागतो. अर्थात ते तस्करीचं प्रकरण झालं. विमानात चढण्याआधीची सुरक्षा तपासणी वेगळी, आणि दोन्हींची खाती वेगळी.

दुसरी मर्यादा रोजची आहे: यंत्र फार घाबरट असतं. त्याला 'काहीतरी वेगळं' एवढंच कळतं. घामाने ओला सदरा वेगळा. जाड शिवण वेगळी. खिशातला रुमाल, घडी घातलेला बोर्डिंग पास, विसरलेली बसची तिकिटं, दंडावरचा ताईत, गळ्यातली रुद्राक्षाची माळ, सगळंच वेगळं. चौकटीला कागद आणि लाकूड दिसतच नव्हतं; स्कॅनरला दिसतं. जर्मनीत हॅम्बुर्ग विमानतळावर २०१०-११ मध्ये या स्कॅनरची मोठी चाचणी झाली, आठ लाखांवर प्रवासी त्यातून गेले. यंत्राने निम्म्याहून अधिक वेळा विनाकारण शंका काढली. चुण्या, कपड्यांचे थर, घाम, काहीही पुरत होतं. जर्मन सरकारने तेव्हा खरेदी थांबवली. नंतर संगणकीय प्रणाली सुधारल्या, तरी अमेरिकेत कुरळे, दाट केस बांधणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि पगडीधारी शीख यांच्या डोक्यावर पिवळा चौकोन येण्याच्या तक्रारी राहिल्याच.

आता याच यंत्रापुढे नऊवारी उभी करून पाहा. निऱ्यांचे थर, कासोटा, कमरेला खोचलेली घडी. त्यात पैठणी असेल तर पदराची जर. जरीत धातूची तार असली की ती लहर परतवते, म्हणजे पदराआडचं यंत्राला नीट दिसायचं नाही. स्वेटर-जीन्समधल्या शरीरांवर शिकलेल्या यंत्राला आपल्या लग्नसराईतली रांग म्हणजे परीक्षाच.

पूर्वीच्या यंत्रांत आणखी एक अडचण होती. प्रवासी कक्षात शिरताच अधिकारी 'स्त्री' किंवा 'पुरुष' असं बटण दाबायचा आणि संगणक त्या साच्याशी शरीर ताडून पाहायचा. त्यात ट्रान्सजेंडर प्रवाशांची फार कुचंबणा झाली. अलीकडच्या प्रणालींत हे बटण गेलं आहे.

मग हात

भारतात सर्वांनाच हाताने का तपासतात, याचं उत्तर आता सोपं झालं. आपल्या बहुतेक विमानतळांवर कपड्यांखालची धातूविरहित वस्तू शोधणारं दुसरं साधनच नव्हतं. चौकट आणि हातातला डिटेक्टर धातू पाहतात. बाकीचं हात पाहतो. चौकट नुसती ठेवली असती तर पीईटीएनच्या पुडीला रान मोकळं होतं.

या कडकपणामागे इतिहासही आहे. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान बॉम्बने आयर्लंडजवळच्या समुद्रात पाडलं गेलं, ३२९ जण गेले. त्यानंतर नागरी विमानवाहतूक सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस, १९८७ मध्ये स्वतंत्र खातं झालं. त्या बॉम्बची बॅग विमानाच्या पोटात होती, प्रवाशाच्या अंगावर नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे सोपवण्यात आली. तोवर ते काम त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे होतं.

हाताचं बळ हे की तो एकाच वेळी शोधतो आणि ठरवतोही. खिशातला कठीण चौकोन तंबाखूची डबी आहे की आणखी काही, हे बोटांना लगेच कळतं. वर माणूस समोरच्याचा चेहराही पाहत असतो. हाताची दुर्बळता हीच की तो माणसाचा आहे. शेकडो अंगं चाचपल्यावर तो थकतो, यांत्रिक होतो. संकोचापोटी तो काही जागा टाळतो, आणि दडवणाऱ्याला त्या जागा नेमक्या ठाऊक असतात. अमेरिकेत २०१५ मध्ये अंतर्गत तपासनीसांनी साध्या वेशात खोटी शस्त्रं आणि बॉम्ब नेऊन पाहिले: ७० पैकी ६७ वेळा ते आत गेले. त्यातल्या एका प्रसंगात यंत्राने इशारा दिला होता. माणसाला बाजूला घेऊन झडतीही झाली. पाठीला चिकटवलेला खोटा बॉम्ब झडती घेणाऱ्याला सापडला नाही. स्कॅनर आणून हाताचं प्रशिक्षण ढिलं केलं तर काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हाताला मदत म्हणून आणखी एक साधन असतं, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. एखाद्या कापडी पट्टीने जवान तुमचे तळवे, पट्टा किंवा लॅपटॉप पुसतो आणि पट्टी एका यंत्रात घालतो. यंत्र तिला तापवतं, उडालेल्या कणांना विद्युतभार देतं आणि ते एका नळीतून किती वेळात धावतात हे मोजतं. प्रत्येक रसायनाचा वेळ वेगळा, त्यावरून स्फोटकाचा माग लागतो. 'ते काय आहे' या प्रश्नाला थोडंफार उत्तर देणारं यंत्र असेल तर हेच. तेही फसतं: ग्लिसरीनची हातक्रीम, हृदयविकाराचं नायट्रोग्लिसरीनचं औषध, शेतावर नायट्रेटचं खत हाताळलेले हात, यांनी ते वाजू शकतं. अशा वेळी न गडबडता काय ते सांगावं. तपासणारे हे रोज पाहतात.

झडतीची खरी किंमत मोजतात ते ज्यांचं शरीर साच्यात बसत नाही असे लोक. नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांचा एक पाय कृत्रिम आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी एका व्हिडिओतून थेट पंतप्रधानांना विनंती केली, की विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला लागू नये म्हणून काही ओळखपत्र मिळावं. सीआयएसएफने त्यांची जाहीर माफी मागितली. इथे बॉडी स्कॅनर असता तर प्रश्न सुटला असता का? पूर्ण नाही. कृत्रिम पाय हा स्कॅनरच्या भाषेतही 'वेगळाच'. पिवळा चौकोन तिथेही आला असता. फरक एवढाच पडू शकतो की बाकीच्या शरीराला हात लागत नाही, आणि पायाची तपासणी पट्टीने पुसून, तो न काढताही, होऊ शकते. ते मात्र यंत्र ठरवत नाही. नियम आणि समोरचा जवान ठरवतो.

आपल्याकडे कधी?

एप्रिल २०१९ मध्ये बीसीएएसने देशातल्या ८४ संवेदनशील आणि अतिसंवेदनशील विमानतळांना वर्षभरात बॉडी स्कॅनर बसवायला सांगितलं. चौकट, हातातला डिटेक्टर आणि सरसकट झडती यांची जागा त्याने घ्यावी, अशी कल्पना होती. पाठोपाठ कोविड आला, विमानतळ ओस पडले आणि मुदत पुढे सरकत राहिली. मे २०२५ मध्ये दिल्लीत टर्मिनल १ आणि ३ वर ७० ते ८० गिगाहर्ट्झच्या स्कॅनरच्या चाचण्या सुरू झाल्या. यंत्रं येतील यात मला शंका नाही. रांग छोटी होईल का, याबद्दल मात्र आहे. स्कॅन तीन सेकंदांत होतो. पण त्याआधी पट्टा, पाकीट, रुमाल, सुटे पैसे, चिठ्ठ्या काढून ट्रेमध्ये ठेवायला प्रवाशाला जो वेळ लागतो, तो कुठलंही यंत्र कमी करत नाही. मुंबईसारख्या, वर्षाला पाच कोटींहून अधिक माणसांची ये-जा असलेल्या विमानतळावर दर दहातल्या एकाला जरी पिवळा चौकोन आला, असं समजा, तरी झडती घेणाऱ्या हातांची गरज संपत नाही. ते हात फक्त नेमक्या जागी जातात. तेवढं झालं तरी पुष्कळ.

तोवर, आणि त्यानंतरही, काही गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. स्कॅनरसमोर खिसे खरोखर रिकामे करा, कागदसुद्धा नको. स्त्रियांची अंगझडती स्त्री कर्मचारीच घेते आणि ती पडद्याआड होते. कृत्रिम अवयव, शस्त्रक्रियेच्या पिशव्या, पट्ट्या असतील तर स्त्री असो वा पुरुष, आडोसा मागायला संकोच करू नका. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर चौकट वाजण्याआधीच सांगितलेलं बरं. पेसमेकर असलेल्यांनी चौकटीतून नेहमीच्या चालीने जावं, तिच्यात किंवा तिला टेकून रेंगाळू नये, आणि हातातला डिटेक्टर छातीवर पुन्हा पुन्हा फिरवू नका असं जवानाला आधीच सांगावं. शक्य असेल तर हाताने तपासणी करायला सांगावी. पेसमेकरचं कार्ड त्या वेळी हातात असू द्या. बॅगेत ठेवलंत तर ते ऐन वेळी एक्स-रे यंत्राच्या पट्ट्यावर असेल आणि तुम्ही चौकटीच्या या बाजूला.